कॉप्टिक जादूची हस्तलिखितं वाचायला शिकताना: नवख्यांसाठी वाटाड्या

इजिप्तच्या जुन्या धर्मातल्या इसिस देवीचा मुलगा होरस डोंगरावर जातो, जाळी लावतो, पक्षी पकडतो. सुरीविना तो कापतो, विस्तवाविना शिजवतो, मिठाविना खातो, आणि मग बेंबीभोवती त्याचं पोट दुखायला लागतं. आईला निरोप धाडायचा म्हणून तो सेवक भुतांना विचारतो, किती वेळात जाऊन येशील? पहिलं म्हणतं, जायला दोन तास, यायला दोन तास. दुसरं म्हणतं, जायला एक, यायला एक. दोघांनाही तो परत पाठवतो. तिसरा अग्रिप्पास, एका डोळ्याचा आणि एका हाताचा. तो म्हणतो, तुझ्या तोंडच्या श्वासाबरोबर जाईन आणि नाकातल्या श्वासाबरोबर परत येईन. तोच जातो. इसिस त्याला डोंगरावर भेटते, डोक्यावर लोखंडी मुकुट, समोर तांब्याची भट्टी. ती पोटदुखी उतरवण्याचे शब्द सांगते, आणि शेवटी येतं ते असं: हाक मारणारी मी, बरं करणारा प्रभू येशू.

हा मजकूर बर्लिनच्या पपायरस संग्रहात (पपायरस म्हणजे पाणवनस्पतीच्या पट्ट्यांपासून केलेला कागद) ८३१३ या क्रमांकाखाली आहे. तो लिहिला गेला तेव्हा इजिप्तमधल्या इसिसच्या देवळांना टाळं लागून काही पिढ्या उलटल्या होत्या. तरीही पोट दुखणाऱ्या माणसासाठी कुणीतरी तिची गोष्ट कॉप्टिकमध्ये उतरवून घेतली आणि उतारा येशूच्या नावाने पुरा केला. मी या विषयात आले ती या एका पानामुळे. त्यामुळे पुढचा सगळा सल्ला एकाच धाग्याने बांधलेला आहे: एक छोटं पान निवडा आणि ते शेवटपर्यंत न्या. शंभर मजकुरांची भाषांतरं चाळून या क्षेत्राची जेवढी समज येते, त्याहून जास्त एका पानाशी चार महिने बसून येते.

आधी नाव नीट करून घेऊ

कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचा शेवटचा टप्पा. ती ग्रीक अक्षरांत लिहितात आणि ग्रीकमध्ये नसलेल्या ध्वनींसाठी देमोतिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली काही अक्षरं वापरतात. साहिदिक या कॉप्टिकच्या प्रमुख साहित्यिक बोलीत अशी सहा अक्षरं आहेत. या भाषेतले जादूचे म्हणून ओळखले जाणारे पाचशेहून अधिक मजकूर आज माहीत आहेत. बहुतेक इसवी सनाच्या चौथ्या ते बाराव्या शतकांतले. पपायरस, चर्मपत्र, कमावलेलं कातडं, खापऱ्या, चुनखडीच्या कपच्या, हाडं आणि उत्तरकाळात कागद, अशा नाना वस्तूंवर ते लिहिलेले आहेत.

‘जादू’ हा शब्द मात्र आपण चिकटवलेला आहे. कॉप्टिकमध्ये ‘हिक’ असा शब्द आहे, फेरोंच्या काळच्या ‘हेका’पासून आलेला, पण या कागदांवर लिहिणारा आपल्या मजकुराला तसं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो ‘प्रार्थना’ किंवा ‘रक्षण करणारं’. मराठी वाचकाने इथे जास्त सावध राहायला हवं. २०१३च्या कायद्यानंतर ‘जादूटोणा’ म्हटलं की आपल्याला फसवणूक आणि अघोरी प्रकारच आठवतात. ‘मंत्र’ म्हटलं की वेदपाठशाळा डोळ्यांपुढे येते. ‘ताईत’ आणि ‘तोडगा’ हे शब्द मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात, कारण ते वस्तूबद्दल आणि गरजेबद्दल बोलतात. ज्याची अडचण आहे त्याच्याबद्दल ते मत देत नाहीत. आपल्या टिपणांत कुठला शब्द कुठे वापरणार ते पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने तुमचीच वही तुम्हाला उलगडणार नाही.

भाषा: सहा महिने तिच्यासाठी राखून ठेवा

भाषांतरांवर विसंबून काम सुरू होतं, पुढे जात नाही. साहिदिकपासून सुरुवात करा. बेंटली लेटन यांचं वीस धड्यांचं पुस्तक किंवा थॉमस लॅम्बडिन यांचं १९८३चं प्राथमिक पुस्तक, यांपैकी एकच घ्या आणि पुरं करा. दोन्ही एकदम उघडलीत तर संज्ञांचा गोंधळ होईल. लेटन यांचं मोठं व्याकरण संदर्भासाठी जवळ असू द्या.

अक्षरओळख आठवड्याभरात होते. खरं काम असतं जोडून आलेले शब्द फोडण्याचं. हस्तलिखितात शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. मोडी वाचलेल्या माणसाला हे नवीन नाही, ओळ सलग धावते आणि शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. शिवाय कॉप्टिकमध्ये काळ, कर्ता आणि क्रियापद एकाच साखळीत येतात. ‘अफ्सोत्म’ म्हणजे ‘त्याने ऐकलं’: ‘अ’ भूतकाळाचा, ‘फ’ म्हणजे ‘तो’, ‘सोत्म’ म्हणजे ऐकणं. पुल्लिंगी नामाआधी ‘प’, स्त्रीलिंगी नामाआधी ‘त’, अनेकवचनाला ‘न’. हे तीन ध्वनी कानात बसले की सलग ओळ आपोआप फुटायला लागते.

डब्ल्यू. ई. क्रम यांचा १९३९चा कोश अजूनही रोज लागतो. त्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. एक साधा शब्द मी तीन दिवस शोधत होते. कोश पुरेपूर स्वरांसकट वर्णक्रमाने लावलेला असेल, असं मी गृहीत धरलं होतं. त्याची मांडणी आधी व्यंजनांच्या सांगाड्यावर आहे, स्वर नंतर. ‘कोते’ हा शब्द ‘क-त’ या जागी पाहायचा. हे कळल्यावर पुढचा शब्द दोन मिनिटांत मिळाला. आता इंटरनेटवर कॉप्टिक शब्दकोश मोफत आहे आणि तिथला शोध सोपा आहे, तरी क्रमची पानं उलटायची सवय लावा. तिथे शब्दाबरोबर वापराची उदाहरणं भेटतात आणि मजकुराचा अर्थ बहुतेक वेळा त्या उदाहरणांतून लागतो.

जादूच्या मजकुरांची कॉप्टिक पाठ्यपुस्तकातली नसते. लिहिणारे कानाला जसं ऐकू येईल तसं लिहितात. साहिदिकमध्ये फायुमी या दुसऱ्या कॉप्टिक बोलीची छटा शिरते, ग्रीक शब्दांची स्पेलिंगं मनाला येईल तशी होतात. म्हणून शब्द सापडला नाही की चूक लेखनिकाची असं लगेच ठरवू नका. आधी तो शब्द मोठ्याने म्हणून पाहा. ग्रीकची तोंडओळख याच कारणासाठी लागते. आणि जर्मन वाचता येणं अटळ आहे: अँगेलिकस क्रॉप यांनी १९३०-३१मध्ये ब्रुसेल्सहून तीन खंडांत काढलेला संग्रह जर्मनमध्ये आहे आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत त्याचा दाखला येतो. बोलता आलं नाही तरी चालेल, कोशाच्या मदतीने पान वाचता आलं पाहिजे.

मजकूर कसा निवडायचा

जर्मनीत वुर्झबर्ग विद्यापीठात २०१८मध्ये कोर्शी डोसू यांच्या नेतृत्वाखाली कॉप्टिक जादूच्या मजकुरांचा प्रकल्प सुरू झाला. त्यांनी उभारलेल्या माहितीसंग्रहाचं नाव ‘किप्रियानोस’, अंत्युखियाच्या सिप्रियनवरून. कथेत हा सिप्रियन आधी मांत्रिक असतो आणि नंतर संत होतो. त्याच्या नावाची एक प्रार्थना हायडेलबर्गच्या कॉप्टिक कागदांतही आहे. हा संग्रह सर्वांना खुला आहे. भाषा, साहित्य, काळ, हेतू असे निकष लावून शोधता येतं. त्याच गटाने २०२३मध्ये कृतिपुस्तिकांच्या, म्हणजे तोडग्यांच्या कृती नोंदलेल्या हस्तलिखितांच्या, नव्या आवृत्त्यांचा पहिला खंड काढला. संग्रह उघडून तासभर नुसतं हिंडा. ताप उतरवणं, बाळंतपण सुखरूप होणं, साप-विंचू, नवरा-बायकोत फूट पाडणं, वैऱ्याची वाचा बंद करणं, धंद्यात बरकत, इतकंच काय, गाता गळा मिळावा म्हणून केलेली आवाहनंसुद्धा तिथे आहेत.

निवडताना एक भेद पक्का लक्षात ठेवा. काही हस्तलिखितं कृतिपुस्तिका असतात: कुठल्या कामाला काय म्हणायचं, काय जाळायचं, काय लिहायचं, याची नोंद. तिथे माणसाच्या नावाच्या जागी ‘अमुक’ असतं. दुसरी प्रत्यक्ष वापरलेली: ‘अमुक’च्या जागी खरं नाव आलेलं असतं, बहुतेकदा आईच्या नावासकट. बापाचं नाव सहसा नसतं. पहिल्या मजकुरासाठी वापरलेला छोटा ताईत घ्या, दहा-पंधरा ओळींचा, ज्याचं छायाचित्र पाहायला मिळतं आणि निदान एक छापील आवृत्ती झालेली आहे. अप्रकाशित मजकुराचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. कुणाच्या तरी वाचनाशी आपलं वाचन ताडून पाहता येणं, हीच पहिल्या वर्षाची शाळा.

निवडलेल्या वस्तूचे सगळे क्रमांक एका जागी लिहा: संग्रहालयाचा क्रमांक, छापील आवृत्तीतला क्रमांक आणि प्राचीन मजकुरांना क्रमांक देणाऱ्या ‘ट्रिसमेगिस्तोस’ या इंटरनेटवरच्या संग्रहातला क्रमांक. एकाच कागदाला तीन-चार नावं असतात आणि जुन्या लेखांत कुठलं वापरलं असेल सांगता येत नाही.

वाचण्याआधी बघा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्यायला हवा.

छायाचित्र पडद्यावर मोठं करा आणि पहिला दिवस एकही अक्षर वाचू नका. घड्या मोजा. ताईत घडी घालून किंवा गुंडाळून अंगावर बाळगलेला असतो, त्यामुळे किडीने पाडलेली किंवा झिजून पडलेली भोकं घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची प्रतिबिंबं असल्यासारखी दिसतात. ती जुळवली की कागद किती वेळा आणि कोणत्या क्रमाने दुमडला होता ते काढता येतं. साध्या कागदाची चौकटीची घडी घालून स्वतः करून पाहा. कृतिपुस्तिकेचं पान असेल तर अशा बारीक घड्या सहसा नसतात. म्हणजे मजकुरात नाव नसलं तरी वस्तूच सांगते की ती कुणी अंगावर बाळगली होती की पेटीत जपली होती.

मग तंतू पाहा. पपायरसच्या एका बाजूला ते आडवे, दुसऱ्या बाजूला उभे. लेखन कुठल्या बाजूला आहे? मागच्या बाजूला जुन्या हिशेबाच्या किंवा पत्राच्या ओळी आहेत का? असतील तर रद्दी कागद वापरला, आणि त्या ओळी काळ आणि गाव दोन्ही सांगू शकतात. चर्मपत्र असेल तर केसांची बाजू जास्त पिवळी, कधी बारीक ठिपक्यांची. मांसाची बाजू उजळ. शेवटी मजकुराची जागा: लिहिणाऱ्याने आधी चित्र काढलं की आधी ओळी लिहिल्या? ओळ चित्राला वळसा घालून गेली असेल तर चित्र आधीचं.

ब्रिटिश म्युझियममधल्या रॉबर्ट हे (Hay) यांच्या संग्रहातल्या कातड्यावरच्या हस्तलिखितांचं उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. हे स्कॉटिश प्रवासी एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये राहिले होते आणि त्यांचा संग्रह १८६८मध्ये म्युझियमकडे आला. पुढे कातडं काळवंडत आणि आक्रसत गेलं. २०२२मध्ये निघालेल्या पुस्तकात संवर्धक, कातड्याची चाचणी करणारे, कार्बन पद्धतीने काळ ठरवणारे आणि मजकूर वाचणारे, सगळे एकाच टेबलाशी बसलेले दिसतात. ते मोफत उतरवून घेता येतं. कॉप्टिकचं एक अक्षर येत नसताना वाचलंत तरी ते उपयोगी पडेल.

आता अक्षरं

लिप्यंतर करताना मूळ ओळ जिथे तुटते तिथेच तुमचीही तोडा आणि ओळींना क्रमांक द्या. १९३१मध्ये लायडनला ठरलेल्या खुणा वापरा. नष्ट झालेला भाग चौकटी कंसात, संक्षेप सोडवून लिहिलेली अक्षरं गोल कंसात, लेखनिकाच्या हातून राहिलेलं कोनी कंसात, जास्तीचं पडलेलं महिरपी कंसात, आणि शंका असलेल्या अक्षराखाली टिंब. टिंब देताना कंजुषी नको. अर्ध्या अक्षरावरून पूर्ण शब्द ‘दिसायला’ लागतो तेव्हा मन ठरवून बसलेलं असतं. मी शब्दाच्या आजूबाजूचा भाग कागदाने झाकून एकेक अक्षर वेगळं ओळखते आणि ओळखता आलं नाही तर टिंब देते.

टंकलेखनासाठी युनिकोडमध्ये कॉप्टिकला २००५पासून स्वतंत्र जागा आहे. जुन्या फाइल ग्रीक फॉन्टच्या युक्तीने केलेल्या असतात, त्यांच्यावर काम करू नका.

काही गोष्टी दिसल्या की गोंधळून जायचं नाही:

व्यंजनावरची आडवी रेघ उच्चार दाखवते. मात्र ‘येशू’, ‘ख्रिस्त’ अशा पवित्र नावांच्या संक्षेपांवरही रेघ असते.

शेवटी ‘९९’ हा अंक आला तर तो ‘आमेन’ आहे. ग्रीक अक्षरांना अंकांची किंमत असते: अल्फा १, म्यू ४०, ईटा ८, न्यू ५०. बेरीज ९९.

‘अब्लानाथानाल्बा’, ‘अक्राम्माखामारी’ अशा शब्दांचं भाषांतर करू नका. पहिला तर उलट वाचला तरी तोच राहतो. सात ग्रीक स्वरांच्या माळाही येतात, कधी एकेक अक्षराने वाढत जाणाऱ्या त्रिकोणात मांडलेल्या. त्या जशाच्या तशा, त्याच आकारात उतरवा, कारण इथे आकार मजकुराचाच भाग आहे. टोकांना छोटी वर्तुळं असलेली चिन्हं दिसली तर ती हाताने काढून घ्या, अक्षर समजून वाचत बसू नका.

‘अयो अयो, ताखी ताखी’ अशी अखेर वारंवार भेटेल: होय होय, लवकर लवकर. माझ्या मते या साऱ्या साहित्यात सगळ्यात माणसाचा आवाज आहे तो या चार शब्दांत.

मराठीत उतरवताना

इंग्रजी भाषांतर हाताशी असलं तरी आपलं मराठीत करून पाहा. मार्विन मायर आणि रिचर्ड स्मिथ यांनी १९९४मध्ये १३५ मजकुरांची इंग्रजी भाषांतरं एकत्र आणली, ती सुरुवातीला फार उपयोगी आहेत. पण मराठीत उतरवताना असे प्रश्न पडतात जे इंग्रजीत झाकले जातात. देवदूताला ‘तू’ म्हणायचं की ‘आपण’? कॉप्टिकमध्ये आदरार्थी अनेकवचन नसतं. मी ‘तू’च ठेवते, आपणही देवाला ‘तू’च म्हणतो. शरीराच्या अवयवांची लांबलचक यादी आली की ती कापू नका. आपल्या कवचांमध्ये डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव राखला जातो, तसं इथेही नाव घेतलं नाही तो अवयव उघडा राहील ही भीती आहे. शापात हीच यादी उलट बाजूने चालते. दोन्ही परंपरांचा परस्परसंबंध होता असं मात्र यावरून म्हणू नका. साम्य कान तयार करायला वापरावं, पुरावा म्हणून नाही.

काळ, ठिकाण आणि कायदा

अक्षरवळणावरून ठरवलेला काळ ढोबळच असतो. ‘सहावं ते आठवं शतक’ असं दिसलं तर त्यातून एक शतक आपल्या सोयीने उचलू नका. ठिकाणाचं दुखणं आणखी मोठं आहे. बहुतेक मजकूर व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेले आहेत, कुठे सापडले याची नोंद नाही. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातली वीस पानांची प्रसिद्ध चर्मपत्र-पुस्तिका, जिच्यात बाक्तिओथा नावाच्या शक्तीला आवाहन आहे, तीही १९८१मध्ये व्हिएन्नाच्या व्यापाऱ्याकडून आली.

म्हणून वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली ही साखळी टिपणात पहिल्याच पानावर लिहा. इजिप्तचा पुरावस्तू कायदा १९८३चा आहे, पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७०चा. या तारखांनंतर अचानक प्रकटलेल्या तुकड्याला हात लावण्यापूर्वी थांबा, आणि इंटरनेटवर विकायला असलेला तुकडा ‘अभ्यासासाठी’ म्हणूनही विकत घेऊ नका. पुढचा लुटीचा खड्डा त्याच पैशातून खणला जातो. नकली वस्तूंचाही धोका आहे. २०१२मध्ये गाजलेला, येशूला पत्नी होती असं सुचवणारा ‘येशूच्या पत्नी’चा कॉप्टिक तुकडा आठवा: पपायरस जुना होता, पण मजकूर इंटरनेटवरच्या थोमाच्या शुभवर्तमानाच्या आवृत्तीतून, तिच्यातल्या टंकनदोषासकट, उचललेला निघाला. २०१६मध्ये मालकाचीच कहाणी उघडी पडल्यावर प्रश्न मिटला. साखळी आधी तपासली असती तर चार वर्षं वाचली असती.

लिहिणारा कोण होता, हे विचारा

उत्खननात नीट सापडलेले मजकूर थोडे आहेत, म्हणून ते आधी वाचा. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या ‘दाखला’ नावाच्या मरूद्यानातल्या केलिस गावात चौथ्या शतकातल्या घरांमधून पत्रं निघाली. त्यांतलं एक वालेस नावाच्या माणसाने प्शाईला लिहिलेलं आहे. प्शाईने एक तोडगा मागितला होता. तो छोट्या कागदावर होता, वालेसला सापडला नाही, म्हणून त्याने दुसराच, माणसांत फूट पाडण्याचा, उतरवून पाठवला. अंधाऱ्या गुहेतला मांत्रिक इथे कुठेच दिसत नाही. दोन शिकलेले, पुस्तकं नकलून एकमेकांना पाठवणारे ओळखीचे लोक दिसतात.

पाचव्या शतकातला मठाधिपती शेनूते याच्या प्रवचनातही हेच दुसऱ्या बाजूने कळतं. लोक हाताला सापाचं डोकं, दंडाला मगरीचा दात, पायाला कोल्ह्याच्या नख्या बांधतात म्हणून तो संतापतो, आणि त्या नख्या आपल्याला एका भिक्षूनेच दिल्या असं सांगणारा माणूसही त्याच प्रवचनात येतो. त्यामुळे ‘चर्च एका बाजूला, जादू दुसऱ्या बाजूला’ अशी रेघ ओढण्याआधी तुमच्या पानाचं वळण पाहा. सरावलेला, पोथ्या नकलणारा हात आहे का? बायबलमधल्या स्तोत्रांची वाक्यं तोंडपाठ असल्यासारखी येतात का? असतील तर लिहिणारा मठातला असू शकतो.

चार महिन्यांनी हातात काय असावं

एक फाइल: वस्तूचं वर्णन, घड्यांची आकृती, ओळीनिहाय लिप्यंतर, मराठी भाषांतर, जुन्या वाचनापेक्षा तुमचं वाचन जिथे वेगळं आहे त्या जागा, आणि प्रत्येक जागी कारण. दोनच जागा असल्या तरी पुरेत. एखादी जागा छायाचित्रावरून सुटतच नसेल तर संग्रहालयाला लिहा. पत्रात वस्तूचा क्रमांक, ओळ आणि नेमकं कुठलं अक्षर ते सांगा, आणि त्या जागेचं जास्त स्पष्ट किंवा अवरक्त प्रकाशातलं छायाचित्र आहे का ते विचारा. ‘तुमच्या संग्रहातल्या जादूबद्दल माहिती हवी’ अशा पत्राला उत्तर देणं कुणालाही कठीण असतं. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या अक्षराबद्दल विचारलंत तर तिथला माणूस उठून पेटी उघडून बघण्याची शक्यता बरीच वाढते. छायाचित्र छापायची परवानगी वेगळी लागते, ती त्याच पत्रात मागू नका.

मग दुसरं पान घ्या, पहिल्याशी नातं असलेलं: तोच हेतू, तोच संग्रह, किंवा जमलं तर तोच हात.